वरून ‘नाही’ म्हणायचं नाही

माझ्या थोरल्या दिरांना सगळं बंदर ‘वरचा’ म्हणून ओळखायचं. कारण साधं होतं. बोट धक्क्यावरून सुटली की ते डोलकाठीवर चढायचे आणि परत धक्का दिसेपर्यंत खाली उतरायचे नाहीत. डोलकाठीच्या टोकाशी एक फळी ठोकलेली होती आणि तिच्याभोवती कमरेला आधार म्हणून एक लोखंडी कडं. एवढंच त्यांचं ऑफिस. बर्फाच्या कारखान्यात कुणी नवखा विचारायचा, “आज मिळेल का काही?” तर लोक सांगायचे, “वरच्याला विचार.” ऐकणाऱ्याला वाटायचं, देवाबद्दल चाललंय. आमच्यापुरता त्यात फारसा फरकही नव्हता.

वर बसून ते पाण्याचा रंग बघायचे. मासा वरून दिसतो ही खाली राहणाऱ्यांची समजूत. समुद्राच्या पाण्यात पिठाच्या कणाहून बारीक अशी जिवंत वनस्पती असते. ती वाढली की पाणी हिरवं होतं. तिला खायला तसलेच बारीक जीव येतात, त्यांना खायला लहान मासळी, आणि तिच्यामागून मोठी. पुस्तकात त्या बारीक जीवांना प्लवक म्हणतात. भाऊजी ‘दाणा’ म्हणायचे. “दाणा पडला की पाखरं येतातच, बोलवायला लागत नाही,” हे त्यांचं सगळं शास्त्र. पण नुसत्या हिरव्यात त्यांना किती तरी भेद दिसायचे. पोपटी पाणी म्हणजे दाणा कोवळा, मासळी अजून वाटेवर आहे. शेवाळी पाणी म्हणजे आत्ता, लगेच, जाळं सोडा. शेवाळीवर तपकिरी झाक आली की उशीर झाला, पाणी कुजायला लागलं, मासळी नाक मुरडून निघून गेली. चढायच्या आधी ते गोड्या पाण्यानं डोळे धुवायचे. काळा चष्मा त्यांनी जन्मात लावला नाही, त्यातून रंग खोटा दिसतो म्हणायचे.

वरून शब्द एकच यायचा. “हिरवं!” मग हात ज्या दिशेला जाईल तिकडे माझा नवरा सुकाणू फिरवायचा. हिरवं नसेल तर वरचा गप्प, आणि बोट पुढे जात राहायची. हा नेम माझ्या सासऱ्यांनी घालून दिला होता, आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी. “वरून ‘नाही’ म्हणायचं नाही. नाही म्हणायला समुद्र आहे की.” खाली माणसं दोर ओढत असतात, त्यांच्या डोक्यावर वरून ‘नाही’ पडलं तर हात गळतात, असा त्यामागचा विचार. भाऊजींना मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा ते पहिल्यांदा वर चढले. तेव्हापासून केस पिकेपर्यंत कुणी त्यांच्या तोंडून वरून ‘नाही’ ऐकलं नव्हतं.

जमिनीवर मात्र त्यांचं काही खरं नव्हतं. दाराच्या चौकटीला डोकं आपटायचं, चहाचा कप हातात धरून गार करायचा, नातेवाइकांची नावं विसरायची. माझ्या लग्नाच्या आधी एकदा त्यांना मुलगी दाखवायला नेलं होतं म्हणे. मुलीच्या मागे खिडकी होती आणि खिडकीत समुद्र. हे सगळा वेळ तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत बसले. मुलीच्या आईनं विचारलं, “काय, पसंत आहे का?” तर म्हणाले, “दुपारपर्यंत वारा पडेल.” झालं! ते लग्न मोडलं आणि पुन्हा कुणी विचारलं नाही. त्या मुलीची सुटका झाली याचा मला आनंदच आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगायची. ते हसायचे. “धाकटे, तुझ्या जिभेला काही हाड?” धाकट्या भावाची बायको म्हणून मी धाकटी.

मी जाळी शिवते. धक्क्याच्या मागे आमची पत्र्याची लांबलचक शेड आहे, तिच्यात आडव्या दांड्यांवर जाळी टांगलेली असतात आणि मी दिवसभर भोकं शोधते. गोड बोलणं मला कधी जमलं नाही. भोकाला भोक म्हणायची सवय धंद्यानंच लावली. बोट बंद असली की भाऊजी शेडमध्ये येऊन माझ्याशेजारी खोक्यावर बसायचे आणि सुई-दोरा घेऊन ठिगळ घालायचे. त्यांचा हात माझ्यापेक्षा सफाईदार होता, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. चढून बसले असते डोक्यावर. वर चढायची सवयच होती.

मग दोन हंगाम असे आले की आमच्या बंदराला काय झालंय ते कुणाला कळेना. बोटी जायच्या आणि रिकाम्या यायच्या. बर्फ जसा नेला तसा वितळून परत यायचा. लिलावाच्या ओट्यावर पूर्वी उभं राहायला जागा मिळायची नाही, तिथे मांजरं उन्हात झोपायला लागली. आणि आमच्या बोटीवर तर त्याहून विचित्र गोष्ट चालली होती. वरचा जो पूर्वी तासन्‌तास गप्प असायचा, तो आता सारखा ओरडायला लागला. “हिरवं!” जाळं सोडलं, ओढलं, रिकामं. थोडं पुढे गेलं की परत “हिरवं!” परत सोडलं, परत ओढलं. जाळ्यात दोन-चार बोटभर मासे आणि जेलीफिशचा बुळबुळीत ढीग. माणसांच्या हाताची सालटी निघाली. पहिल्यांदा खलाशी गप्प राहिले, मग बोलायला लागले. इंजिनवाला तर उघडच म्हणाला, “कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं. आमच्या वरच्याला हिरवं दिसतंय.” माझा नवरा बोटीचा तांडेल, म्हणजे सुकाणू त्याच्या हातात आणि शेवटचा शब्दही त्याचा. पण भावाच्या शब्दाला त्यानं कधी मागे वळून विचारलं नव्हतं. घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडायचा.

मत्स्यखात्याची एक बाई आमच्या धक्क्याच्या टोकाला, एका छोट्या खोलीत काम करायची. ती लहान होडीतून जाऊन पाण्याच्या बाटल्या भरून आणायची आणि एक निमुळतं जाळं पाण्यातून ओढायची. लहान बाळाच्या टोपड्यासारखं जाळं, त्याचं कापड इतकं बारीक की फुंकर जेमतेम आरपार जावी. त्याची कड उसवली की ती माझ्याकडे यायची. त्या दिवशी आली तेव्हा नवरा आणि भाऊजी दोघंही शेडमध्ये होते. मी शिवत असताना तिनं पिशवीतून दोन बाटल्या काढून खोक्यावर ठेवल्या. एक जुनी, चांगल्या वर्षातली, तळाशी बोटभर गढूळ थर बसलेली. दुसरी त्याच जागची, त्याच आठवड्यातली. ती पिण्याच्या पाण्यासारखी स्वच्छ होती.

“एवढं स्वच्छ पाणी म्हणजे उपासमार,” ती म्हणाली. “दरवर्षी किनाऱ्याला धरून वारा वाहतो ना काका, तो वरचं पाणी ढकलून बाहेर नेतो. मग त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. त्या थंड पाण्यात खत असतं, तळाशी साचलेलं. खत आणि ऊन एकत्र आलं की प्लवक वाढतं. ही दोन वर्षं वाराच नीट वाहिला नाही. वरचं पाणी तापलंय. गरम पाणी हलकं, ते झाकणासारखं बसलंय वर. खालचं काही वर येत नाही.”

“झाकण कधी निघेल?” भाऊजींनी विचारलं.

“वारा आला तर पुढच्या वर्षी. नाही आला तर नाही. खरं सांगायचं तर मला माहीत नाही.”

तिनं फोनवर नकाशा दाखवला. आकाशातून पाण्याचा रंग बघून काढलेला. म्हणजे तुमचंच काम, फक्त जरा जास्त उंचीवरून, असं ती भाऊजींना म्हणाली आणि ते खूश झाले. आमचा सगळा किनारा त्यात निळा होता. नवऱ्यानं नकाशा पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, हा अख्ख्या समुद्राचा हिशेब झाला. मला अख्खा समुद्र काय करायचाय? पसाभर हिरवं पाणी कुठं तरी असेलच ना? एका बोटीला तेवढं पुरतं.”

“असेल,” ती म्हणाली. “एवढं लहान असेल तर नकाशात दिसणार नाही, हे खरं.”

ती गेल्यावर नवऱ्यानं मनातलं बोलून टाकलं. पलीकडच्या बंदरातला एक माणूस बोट मागत होता. त्याला ती पर्यटकांना फिरवायला हवी होती. तो येऊन बघूनही गेला होता. डोलकाठीवर थाप मारून म्हणाला होता, हिचं काही काम नाही, कापून टाकू आणि वर छत घालू. हा हंगामही असाच गेला तर बोट त्याला द्यायची, असं नवऱ्यानं ठरवलं होतं. भाऊजींनी ऐकून घेतलं. बोट दोघा भावांची होती, वडिलांनी ठेवलेली. नवरा बोटीशिवाय काही तरी करू शकला असता, शीतगृहात त्याला कुणीही ठेवून घेतलं असतं. भाऊजींना डोलकाठीशिवाय दुसरं काहीच येत नव्हतं, आणि हे त्या शेडमध्ये आम्हा तिघांनाही माहीत होतं.  त्यांनी सुई उचलली आणि समोर टांगलेल्या जाळ्याचं भोक शिवायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, उन्हाची तिरीप जाळ्यावर पडली आणि मी जागच्या जागी उभी राहिले. जाळं निळ्या दोऱ्याचं होतं. त्याच्या मधोमध हातभर हिरवं ठिगळ. टाके एकसारखे, गाठी पक्क्या, काम बघत राहावं असं. फक्त रंग चुकला होता. आमच्या धंद्यात नवशिकं पोरही निळ्याला हिरवं जोडत नाही. मी निळं आणि हिरवं अशी दोन्ही रिळं पदराखाली घेऊन घरी गेले आणि भाऊजींच्या पुढे धरली.

“यातलं निळं कुठलं?”

त्यांनी खूप वेळ बघितलं. मग एकाला बोट लावलं, मग बोट काढून दुसऱ्याला लावलं. “दोन्ही हिरवीच आहेत की,” ते म्हणाले. “एक जरा मळकं आहे.”

मी रिळं खाली ठेवली. नवरा मात्र खाटेवरून ताडकन उठला आणि त्याचा चेहरा असा उजळला, की मला त्याचा रागच आला. “मोतीबिंदू!” तो म्हणाला. “अगं, मोतीबिंदू आहे त्याला! डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं की निळं हिरवं दिसतं. बर्फवाल्याच्या सासऱ्याचं असंच झालं होतं. म्हणून हा सगळीकडे हिरवं हिरवं करतोय! समुद्राला काही झालेलं नाही. आपण दोन वर्षं चुकीच्या जागी जाळं टाकतोय.”

भाऊजी संतापले. तेवढं संतापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. “माझे डोळे ठणठणीत आहेत. समुद्र बिघडलाय. ती बाई काय सांगून गेली, ऐकलं नाहीस?” दोन दिवस ते जेवायला आमच्यात बसले नाहीत, ताट घेऊन ओसरीत जायचे. अन्नावर राग काढू नये, असं मी त्यांना सुनावलं. मग त्यांच्यासमोर खोका ओढून बसले आणि जे आहे ते सांगितलं.

“भाऊजी, समुद्र बिघडला असेल तर बोट जाणार, डोलकाठी कापणार. आणि डोळे बिघडले असतील तर डोळे नीट करता येतात. तुम्हाला यातलं काय हवंय?”

त्यांनी हातातला घास तसाच ताटात ठेवला.  इतकी वर्षं ज्या डोळ्यांच्या जोरावर मान ताठ ठेवली ते खोटे होते, खलाशी हसत होते ते बरोबर होतं, भावाची दोन वर्षं आपण मातीत घातली, हे सगळं कबूल करायचं होतं त्यांना. शेवटी म्हणाले, “मग दोष डोळ्यांचाच. जा, सांग त्याला.”

दवाखान्यात डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि विचारलं, “इतके दिवस काय करत होता?” भाऊजी म्हणाले, “समुद्र बघत होतो.” डॉक्टर म्हणाले, “हे भिंग इतकं पिकलंय, की तुम्ही चहातून बघितल्यासारखं बघत असणार.” माझ्या नवऱ्यानं ते वाक्य बंदरभर सांगितलं. खलाशांना सांगितलं, बर्फवाल्याला सांगितलं, त्या बोट मागणाऱ्यालाही फोन करून थांबायला सांगितलं. जो तो म्हणायला लागला, अरे वा, म्हणजे डोळ्यांचंच होतं! कित्येक महिन्यांत घरात कुणी मोठ्यानं हसलं नव्हतं, ते परत सुरू झालं. मीही हसले. एखाद्याच्या आंधळेपणाचा घरादाराला एवढा आनंद झालेला मी दुसरीकडे कुठं पाहिलेला नाही.

एका डोळ्याची पट्टी निघाली, काही आठवड्यांनी दुसऱ्याची. पट्टी निघाल्यावर भाऊजींनी पहिल्यांदा भिंत पाहिली. “हा रंग कधी काढला?” भिंत होती तशीच होती, पांढरी. मग माझ्याकडे वळले. “धाकटे, तू म्हातारी कधी झालीस गं?” मी म्हटलं, “तुम्ही वर होता तेव्हा.” शेडमध्ये आले तर ते ठिगळ तसंच होतं, मी मुद्दाम ठेवलं होतं. ते पाहून इतके हसले की त्यांच्या नव्या डोळ्यांतून पाणी आलं. मग खोक्यावर बसून त्यांनी ते सबंध ठिगळ उसवलं आणि निळ्या दोऱ्यानं परत घातलं. अधूनमधून रीळ उजेडात धरून बघायचे. “काय रंग आहे,” म्हणायचे. “हा रंग मी विसरलोच होतो.”

डॉक्टरांनी परवानगी दिली त्यानंतरच्या पहिल्या मोकळ्या सकाळी बोट निघाली. डोळ्यांत ठरल्या वेळी थेंब घालायचे होते आणि नवऱ्याच्या बोटांना डिझेलचा वास, म्हणून मलाही बरोबर घेतलं. बाईमाणूस बोटीवर म्हणून इंजिनवाल्यानं तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, “तू तुझं इंजिन सांभाळ, मी माझा दीर सांभाळते.” खलाशांनी बर्फ भरपूर घेतला होता. सगळ्यात मोठं जाळं घेतलं होतं, मीच शिवलेलं. ऊन स्वच्छ होतं. भाऊजींनी गोड्या पाण्यानं डोळे धुतले, फळीवर चढले, कडं कमरेशी ओढून घेतलं. खाली प्रत्येकाची मान वर.

ते गप्प होते. सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं, कारण जुना वरचा असाच गप्प असायचा. किनारा मागे पडला. पूर्वी जिथे पाणी हमखास हिरवं व्हायचं ती खडकाची जागा आली आणि गेली. नवऱ्यानं बोट आणखी बाहेर काढली, मग किनाऱ्याला समांतर वळवली, मग परत बाहेर. वरून काही नाही. दोराजवळ उभे असलेले खलाशी हळूहळू खाली बसले.

थेंबांची वेळ झाली म्हणून मी हाक मारली. भाऊजी उतरले, फळकुटावर बसले, मान मागे टाकली. मी पापणी वर धरली. हळूच विचारलं, “काय दिसतंय?”

“फार सुंदर आहे गं,” ते म्हणाले. “एवढं निळं मी लहानपणी सुद्धा पाहिलं नव्हतं. कुठं डाग नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत, नुसतं निळं.” थेंब गालावरून ओघळले, ते त्यांनी पुसले नाहीत. “त्याला सांगू नकोस.”

“मी कशाला सांगू? तुम्ही सांगा,” मी म्हटलं. 

ते परत चढले. नवऱ्यानं बोट आणखी एकदा वळवली. मला दिसत होतं, तो डिझेलच्या काट्याकडे बघत नव्हता. बघितलं असतं तर परतावं लागलं असतं. बोलायचं नाही हा वरच्याचा नेम आणि वरून शब्द येईपर्यंत जात राहायचं हा खालच्याचा. दोन्ही भाऊ वडिलांच्या शब्दाला असे बांधलेले होते, की ती बोट तेल संपेपर्यंत तशीच गेली असती. शेवटी नवऱ्यानं सुकाणू सोडून मान वर केली आणि ओरडला, “दादा, काही तरी बोल!”

भाऊजींनी एकदा चारी बाजूंना पाहिलं. मग वरून उत्तर आलं.

“नाही.”

मोठ्यानं ओरडले नव्हते ते, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. इंजिनवाल्यानं कुणी न सांगता इंजिन बंद केलं. बोट पाण्यावर नुसती डुलत राहिली आणि मी पहिल्यांदा कठड्यावरून खाली पाहिलं. खोल, खोल दिसत होतं. दृष्टी अडेल असं पाण्यात काहीच नव्हतं.

भाऊजी खाली आले तेव्हा नवरा त्यांच्याजवळ गेला. त्यांचा खांदा धरला. “दादा, डोळे अजून ताजे आहेत तुझे. बसायला वेळ लागतो. डॉक्टर म्हणाले होते ना? आणखी महिनाभर थांबू. आज नसेल दिसलं तुला.” खलाशी खाली बघत होते. मला कळत होतं, भाऊजींनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. आणखी महिनाभर बोट आमची राहिली असती. आणखी महिनाभर घरात हसू राहिलं असतं.

“डोळे छान झालेत,” भाऊजी म्हणाले. “तुझ्या कॉलरच्या आत शिवणीवर ग्रीसचा डाग आहे. वरून दिसत होता.”

परतताना नवऱ्यानं सुकाणू दुसऱ्याच्या हाती दिलं आणि तो भावाशेजारी जाळ्याच्या ढिगावर येऊन बसला. जाळं कोरडं होतं. मग म्हणाला, “तू आज ‘हिरवं’ म्हणाला असतास ना, तरी मी जाळं टाकलं असतं.”

“माहीत आहे मला,” भाऊजी म्हणाले. “म्हणून तर नाही म्हटलं.”

बोट गेली. न्यायला आलेल्या माणसांनी डोलकाठी इथेच धक्क्यावर कापली, म्हणजे वाटेत पुलाखाली अडायला नको. खात्यातली बाई खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती. वारा त्या वर्षीही आला नाही, हे तिनं आम्हाला सांगायची गरज उरली नव्हती. नवरा धक्क्यावर आला नाही. तो शेडच्या आतल्या कोपऱ्यात उगाच रिळं लावत बसला होता. मी आणि भाऊजी कठड्याशी उभे होतो. डोलकाठीशिवाय ती बोट परक्या घरची वाटत होती. ती वळणापलीकडे जाईपर्यंत ते बघत राहिले, आणि त्यांना ती माझ्यापेक्षा जास्त वेळ दिसत राहिली असणार, कारण माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांचे डोळे आता स्वच्छ होते.

मग त्यांनी मला विचारलं, “धाकटे, माझ्या डोळ्यातलं ते जुनं भिंग डॉक्टरांनी काय केलं असेल गं?”

“ते आत फोडूनच काढतात, भाऊजी. त्यातलं काही उरत नाही. का?”

“काही नाही,” ते म्हणाले आणि शेडच्या दाराकडे बघितलं. “एकदा त्याला त्यातून समुद्र दाखवला असता.”